१.२० म्हणजे नेमकी किती जमीन?

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्याच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात १.२०.०० असा आकडा असेल, तर ते रान दीड एकर. कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात शिरावे आणि तिथल्या सातबारावर तोच १.२०.०० दिसावा, तर ते रान जवळपास तीन एकर. आकडे तेच, टिंबेही तीच, क्षेत्र मात्र दुप्पट.

कारण साधे आहे. कर्नाटकातला उतारा एकर, गुंठे, आणे या क्रमाने लिहिला जातो. सोळा आण्यांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने जातो. शंभर चौरस मीटरचा आर आणि शंभर आरचा हेक्टर. या भागातल्या दोन्ही उताऱ्यांचे मूळ एकच, मुंबई इलाख्याची जमीनमोजणी. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाराष्ट्राने जमिनीचे दप्तर मेट्रिक केले, कर्नाटकाच्या दप्तरात एकर-गुंठे राहिले. दोन्हीकडे जमीन असलेल्या सीमाभागातल्या घरांत हा फरक कुणी कुणाला शिकवत नाही. ‘रान किती?’ या प्रश्नाला ‘दोन-वीस’ असे उत्तर आले की ऐकणारा मनात अडीच एकर धरतो आणि बोलणे पुढे सरकते.

आता हेच प्रश्न एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामे करणाऱ्या एआयला, विचारले जाऊ लागले आहेत. ‘निपाणीची १.२० आणि कागलची १.२० मिळून किती एकर होतील? त्यावर ठिबकचा खर्च काढ.’ एजंटने सरळ बेरीज केली तर २.४० येतात. हे उत्तर कोणत्याच पद्धतीने बरोबर नाही. एकर-गुंठ्यांत तर ‘दोन एकर चाळीस गुंठे’ असे कुणी म्हणतही नाही, ते तीन एकर होतात. खरे उत्तर चार एकर साडेअठरा गुंठ्यांच्या थोडे वर आहे. बेरजेत चूक नव्हती. चूक झाली ती बेरजेआधी, आकडा वाचताना.

गणित करणारे साधन एजंटच्या हाती देताना त्याचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराचे वर्णन, कसे लिहावे, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

एजंटला गणकयंत्र कशाला?

चॅटजीपीटी, क्लॉड यांसारख्यांच्या मुळाशी असलेले भाषेचे मॉडेल आकडेमोड करायला बनवलेले नाही. आतापर्यंतच्या मजकुरानंतर पुढे काय येणे संभवते, याचा अंदाज बांधत ते मजकूर रचते. लहान बेरजा त्याला जमतात. सहा-सात आकडी गुणाकार आला की उत्तर दिसायला ठाकठीक आणि आतून चुकीचे असू शकते. म्हणून त्याला बाहेरची साधने जोडतात. मेटाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये टूलफॉर्मर नावाचा प्रयोग मांडला, त्यातल्या साधनांमध्ये साधे गणकयंत्रही होते. त्याच वर्षी जूनमध्ये ओपनएआयने मॉडेलकडून फंक्शन बोलावून घेण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. कोणतेही साधन कोणत्याही एजंटला एकाच ठरावीक रीतीने जोडता यावे, हा त्यामागचा हेतू.

या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. साधनाच्या आतला कोड एजंटला साधारणपणे दिसत नाही. त्याच्यापुढे येतात ते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणकोणती माहिती भरायची त्याची यादी. तेवढे वाचून तो ठरवतो की हे साधन वापरायचे का, आणि वापरायचे तर त्यात काय भरायचे. पतपेढीत नवा लागलेला हुशार कारकूनसुद्धा पहिल्या दिवशी अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला शेजारचे टेबल नाही. वर्णनात जे नाही ते तो आपल्या सामान्य समजुतीने भरून काढतो, आणि जगभरचा मजकूर वाचून तयार झालेली ती समजूत सांगते की १.२० म्हणजे एक पूर्णांक वीस शतांश.

दोन वर्णने

समजा, क्षेत्र बदलून देणारे एक छोटे साधन आपण बनवले आणि घाईत त्याचे वर्णन असे लिहिले:

‘क्षेत्र_बदल. जमिनीचे क्षेत्र एका मापातून दुसऱ्या मापात बदलते. भरायचे: क्षेत्र (संख्या). मिळते: क्षेत्र (संख्या).’

यात खोटे काहीच नाही, आणि उपयोगाचेही काही नाही. कोणत्या मापातून? टिंबाचा अर्थ काय? मिळालेली संख्या कशात? लिहिणाऱ्याला हे सगळे ठाऊक होते, म्हणूनच लिहायचे राहून गेले. आता हे दुसरे पाहा:

‘जमीन_क्षेत्र_चौमी. उताऱ्यावरचे जमिनीचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये बदलून देते. कर्नाटकाचा उतारा किंवा महाराष्ट्राचा सातबारा यांवरचे आकडे असतील तेव्हा वापरा. घराच्या किंवा प्लॉटच्या चौरस फुटांसाठी वापरू नका.

पद्धत: “एकर_गुंठे_आणे” किंवा “हेक्टर_आर_चौमी” यांपैकी एक. जमीन कोणत्या राज्यात आहे ते स्पष्ट नसेल, तर वापरणाऱ्याला विचारा. अंदाजाने भरू नका.

मोठे, मधले, लहान: तीन वेगळ्या पूर्ण संख्या. एकर पद्धतीत मधले ० ते ३९ आणि लहान ० ते १५. हेक्टर पद्धतीत मधले आणि लहान दोन्ही ० ते ९९.

उदाहरण: निपाणीच्या उताऱ्यावर १.२०.०० असेल तर पद्धत “एकर_गुंठे_आणे”, मोठे १, मधले २०, लहान ०. उत्तर ६०७०.२८ चौरस मीटर. हेच आकडे कागलच्या सातबारावर असतील तर पद्धत “हेक्टर_आर_चौमी” आणि उत्तर १२,००० चौरस मीटर.

बोलण्यातले आकडे: “दोन-वीस” म्हणजे दोन एकर वीस गुंठे. “सव्वा एकर” म्हणजे एक एकर दहा गुंठे. “पावणेदोन एकर” म्हणजे एक एकर तीस गुंठे.’

दुसरे वर्णन लांब आहे, पण त्यातले एकही वाक्य काढता येत नाही. ‘कधी वापरू नका’ ही ओळ बहुतेक जण गाळतात. एजंटच्या हाती एका वेळी वीस-पंचवीस साधने असू शकतात. त्यांत चौरस फुटांचे एक, पिकाच्या उत्पन्नाचे एक अशी भावंडे असली, तर नेमके कोणते उचलायचे हे त्या एका ओळीवर ठरते. उदाहरणेही शोभेची नाहीत. नियम वाचून एजंटला जे कळते, ते उदाहरणाने पक्के होते. विशेषतः तेच आकडे दोन पद्धतींनी सोडवून दाखवले की घोळ होण्याची जागाच उघडी पडते.

यातला सर्वात मोठा बदल मात्र मजकुरातला नाही. पहिल्या साधनात क्षेत्र ही एकच संख्या होती, दुसऱ्यात तिचे तीन भाग केले आहेत. ‘१.२० मधले टिंब दशांश चिन्ह नाही बरे का’ असे कितीही बजावले तरी संख्येच्या रकान्यात १.२० जाऊन बसणारच, आणि संगणकाच्या लेखी १.२० आणि १.२ ही एकच संख्या. वीस गुंठे आणि दोन गुंठे यांतला फरक तिथेच पुसला जातो. एखादा रकाना समजावून सांगायला परिच्छेद लागत असेल, तर परिच्छेद लिहीत बसू नये, रकानाच बदलावा.

चूक सांगणारा निरोपही मजकूरच

एजंटने मधल्या रकान्यात ५५ भरले. एकर पद्धतीत हे शक्य नाही, म्हणून साधन नकार देते. हा नकार कसा लिहिला आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ‘अवैध माहिती’ एवढेच आले तर एजंट काहीतरी बदलून पुन्हा प्रयत्न करतो. कदाचित ५५ चे ५ करतो आणि उत्तर मिळवून मोकळा होतो. त्याऐवजी साधनाने असे सांगावे: ‘गुंठे ० ते ३९ च्या आत हवेत, ५५ आले. हा आकडा दशांश एकर किंवा हेक्टर-आरमधला असू शकतो. जमीन कोणत्या राज्यात आहे ते वापरणाऱ्याला विचारा.’ चूक कळते, तिचे संभाव्य कारण कळते आणि पुढे काय करायचे तेही कळते.

खरा धोका तरी ५५ चा नाहीच. तो आकडा अडवता येतो. धोका २० चा आहे, कारण तो दोन्ही पद्धतींत बसतो आणि कुठेही अडत नाही. म्हणून पद्धतीचा रकाना सक्तीचा हवा. ‘काही न दिल्यास एकर धरले जाईल’ अशी सोय माणसांसाठीच्या फॉर्मवर चालून जाते. एजंटच्या बाबतीत ती चूक लपवणारी सोय ठरते.

उत्तरातही माप हवे. ‘६०७०.२८’ एवढेच परत आले, तर पुढच्या पायरीला एजंट त्याला चौरस फूट समजू शकतो. ‘६०७०.२८ चौरस मीटर (एकर_गुंठे_आणे: १-२०-०)’ असे आले, तर काय दिले आणि काय मिळाले ते दोन्ही समोर राहते आणि माणसालाही पडताळता येते. लहान फरकही नोंदवावेत. महाराष्ट्रात अनेकदा आरलाच गुंठा म्हटले जाते. पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, दहा आर म्हणजे १०,७६४. शेतात हा सव्वाशे चौरस फुटांचा फरक जाणवत नाही. शहरालगतच्या बिगरशेती जमिनीत तो एका खोलीएवढा भरतो.

आधी परिभाषा, मग गणित

ही शिस्त नवी नाही. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग मानला जातो. त्याची सुरुवात बेरीज-वजाबाकीने होत नाही, परिभाषेने होते. वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. मग वजने आणि लांबीची मापे: चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश. ही कोष्टके आधी पक्की होतात, त्यानंतर उदाहरणे सुरू होतात. एकेका प्रांताची मापे वेगळी असताना, ग्रंथ कुठेही वाचला गेला तरी उत्तर तेच यावे, याची ती तजवीज होती.

ती नसली की काय होते, हे २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जाण्यासाठी २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरचे वजनात रूपांतर करायला १.७७ हा गुणक वापरला गेला. तो पौंड प्रतिलिटरचा होता. किलोसाठी तो साधारण ०.८ हवा होता. कागदावर २२,३०० जुळले, पण ते पौंड होते. निम्म्यापेक्षाही कमी इंधन घेऊन निघालेल्या विमानाची इंजिने ४१,००० फुटांवर बंद पडू लागली आणि वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवले. सगळे वाचले. गुणाकार बरोबर होता, गुणक मात्र चुकीच्या मापाचा होता.

उसाच्या दराची गोष्ट

नुसते माप सांगून भागत नाही, असे एक गणित या भागात घरोघरी चालते. ते म्हणजे उसाची एफआरपी, म्हणजेच रास्त आणि किफायतशीर दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ, खाली तेवढीच घट. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही.

सूत्र शाळकरी आहे, पण त्याच्या वर्णनात चार जागा निसरड्या आहेत. पहिली टक्क्यांची. उतारा ११.२५ भरायचा की ०.११२५? रकान्याला ‘उतारा’ असे मोघम नाव न देता ‘साखर_उतारा_टक्के’ द्यावे आणि ‘११.२५ असे भरा’ हे उदाहरण शेजारी ठेवावे. दुसरी क्विंटल आणि टनाची. सरकारी दर क्विंटलचा, गावात बोलणे टनाचे. ११.२५ टक्क्यांना क्विंटलमागे ३८९.६० रुपये, म्हणजे टनाला ३,८९६. साधनाने दोन्ही आकडे मापासकट द्यावेत. तिसरी जागा खालच्या मर्यादेची. ९ टक्के उताऱ्याला नुसते सूत्र लावले तर ३११.७५ येतात, नियमाने ३२९.०५ मिळायला हवेत. टनामागे १७३ रुपयांचा फरक. सूत्र जिथे थांबते ती जागा वर्णनात लिहिलीच पाहिजे, कारण साधन सोडून स्वतः हिशेब करण्याचा मोह एजंटलाही होतो. चौथी हंगामाची. आदल्या वर्षी हेच आकडे ३४०, ३.३२ आणि ३१५.१० होते. वर्णनात हंगाम लिहिलेला नसेल, तर जुना दर नव्याच्या तोऱ्यात सांगितला जातो.

पाचवी गोष्ट दर काढण्यापुरती नाही, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. एफआरपीतून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. साधन ती वजावट करत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. नाहीतर ३,८९६ हा आकडा ‘हातात पडणारे पैसे’ म्हणून सांगितला जाईल आणि कारखान्याचे बिल आल्यावर भांडण होईल.

सगळ्याच गणकयंत्रांचे खड्डे

जमीन आणि ऊस बाजूला ठेवून साधी पदावली सोडवणारे साधन घेतले, तरी अलिखित गोष्टी निघतात. ३० ची साइन शाळेत अर्धी; बहुतेक संगणकभाषांत कोन रेडियनमध्ये धरतात आणि उत्तर उणे ०.९८८ येते. एक्सेलमध्ये २^१० म्हणजे १०२४. पायथॉनमध्ये त्या चिन्हाचा अर्थ घात नाही, तिथे ८ मिळतात. एक्सेलचा लॉग दहाच्या पायाचा, पायथॉनचा नैसर्गिक. −२^२ चे उत्तर एक्सेल ४ देते आणि गणिताच्या पुस्तकाप्रमाणे ते −४ असते. अडीच जवळच्या पूर्णांकात आणायला सांगितले तर एक्सेल ३ देते, पायथॉन २. यांतले कुणी चुकीचे वागत नाही. प्रत्येकाचा एक संकेत आहे आणि वर्णनात तो एका ओळीत मावतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी दोन ओळी हव्यात. १,००,००० मधले स्वल्पविराम चालतील की काढून भरायचे? काही साधने त्यांना तीन वेगळ्या संख्यांमधले विराम समजतात. देवनागरी अंक चालतील का? पायथॉन १२३ ही संख्या निमूट वाचतो, जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नाही’ म्हणून परत पाठवते.

किती लिहावे, कुणी लिहावे

मग सगळेच लिहून टाकावे का? तसेही नाही. साधनांची वर्णने प्रश्नासोबत एजंटपुढे जातात आणि त्याच्या नजरेच्या मर्यादित आवाक्यात जागा खातात. म्हणून पहिल्या ओळीत साधन काय करते, दुसरीत कधी वापरायचे आणि कधी नाही, मग रकाने, मापे, मर्यादा, दोन-तीन उदाहरणे, आणि बस. साधन कुणी बनवले, आत कोणती लायब्ररी आहे, गुंठ्याचा इतिहास काय, हे एजंटला नको.

लिहून झाल्यावर खऱ्या भाषेत प्रश्न विचारून पाहावेत. ‘१.२० चे चौरस मीटर’ असे कुणी विचारत नाही. ‘निपाणीकडं पावणेदोन एकर हाय आणि कागलकडं चाळीस आर, खत किती लागंल?’ असे विचारतात. एजंटने कोणत्या रकान्यात काय भरले ते तपासावे. अंतिम उत्तर योगायोगानेही बरोबर येते. जिथे त्याने अंदाज केला, तिथे एक ओळ घालावी आणि जी ओळ काढूनही काही बिघडत नाही ती काढावी.

पहिला मसुदा प्रोग्रामर लिहील. तो पुण्यात किंवा बेंगळुरूत बसलेला असेल आणि एक एकर वीस गुंठ्यांना १.२० म्हणतात हे त्याने कदाचित ऐकलेही नसेल. म्हणून तो मसुदा उतारे रोज हाताळणाऱ्या माणसाने वाचायला हवा: तलाठी, ग्राम लेखापाल, सोसायटीचा सचिव, कारखान्याच्या शेती खात्यातला कर्मचारी. असा माणूस पहिल्याच वाचनात विचारेल, ‘पोटखराबा यात धरलाय का?’ पोटखराबा म्हणजे लागवडीखाली न येणारा भाग. हा प्रश्न वर्णनात नव्हता. जमीन विकताना पोटखराब्यासकट क्षेत्र मोजतात, खताचा हिशेब करताना तो वगळतात, आणि साधनाला कोणता आकडा द्यायचा हे त्यावर ठरते. त्याच बैठकीत वर्णनाच्या शेवटी आणखी एक ओळ घालून घ्यावी: हे साधन उताऱ्यावरच्या आकड्याचे रूपांतर करते, जमिनीची मोजणी करत नाही; हद्दीचा वाद असेल तर उत्तर देऊ नका, मोजणी खात्याकडे जायला सांगा.